वसईचे ‘मात्रीझ’ : एका शिलालेखातील दोन शब्द आणि धर्मग्राम-मंदिरांच्या रक्षणाचा प्रश्न

मानपाड्यावरून घोडबंदराकडे जाणारा रस्ता जेथे उल्हास नदीच्या खाडीला भिडतो, तेथून पैलतीरी वसईचा प्रदेश सुरू होतो. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ही दोन्ही तीरे एकाच ठाणे जिल्ह्यात मोडत. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज अमदानीतील अनेक मंदिरांचे अवशेष आहेत. त्यांपैकी संत जोसेफ यांच्या मंदिराला मार्गदर्शक पुस्तिका सर्रास ‘कॅथीड्रल’ म्हणतात. हे नाव चुकीचे आहे. कॅथीड्रल म्हणजे बिशपचे आसन असलेले मंदिर, आणि पोर्तुगीज काळात वसई हे बिशपचे पीठ कधीच नव्हते. मंदिरावरील १६०१ सालचा पोर्तुगीज शिलालेख त्याला ‘मात्रीझ’ म्हणतो. ‘मातृ’ या आपल्या शब्दाशी सगोत्र असलेल्या लॅटिन शब्दापासून हा शब्द आला असून, त्याचा अर्थ नगराचे मूळ धर्मग्राम-मंदिर असा होतो. ‘पाद्री’ आणि ‘क्रूस’ हे शब्द मराठीत रुळले, कोकणीने ‘इगर्ज’ व ‘फिर्गज’ आपलेसे केले. ‘मात्रीझ’ मात्र दगडावरच राहिला.

त्याच लेखातील दुसरा शब्द अधिक विचार करावयास लावणारा आहे. गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिश यांच्या कारकीर्दीत या मंदिराचे काम झाले, असे तो लेख सांगतो. (१५९९ साली केरळात उदयंपेरूरची धर्मसभा भरवून तेथील सीरियन ख्रिस्ती परंपरेवर कठोर निर्बंध घालणारे मेनेझिश ते हेच.) पण त्या कामासाठी लेखात ‘बांधले’ या अर्थाचे क्रियापद नाही, ‘पुन्हा रूप दिले’ या अर्थाचे क्रियापद योजिले आहे. याला मराठीत नेमका प्रतिशब्द हवा असेल तर तो ‘जीर्णोद्धार’ हाच होय. सोळाव्या शतकाच्या मध्यास उभारलेली वास्तू अर्ध्या शतकाच्या आत अपुरी पडली आणि तिला नवे रूप देण्यात आले. वसईच्या मात्रीझने स्वतःविषयी दगडात नोंदवून ठेवलेली गोष्ट आरंभाची नसून बदलाची आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आज छप्पर नाहीसे झाले आहे. दर्शनी बाजूचा उंच मनोरा, त्यातील दगडी चक्राकार जिना, जाड भिंती व अर्धवर्तुळाकार कमानी एवढे उरले आहे. समुद्रावरून येणाऱ्या जहाजाच्या दृष्टीस हा मनोरा लांबूनच पडत असला पाहिजे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, आणि ज्या वस्तीचे हे मातृमंदिर होते ती वस्ती पांगली. घंटांचे भाग्य निराळे ठरले. भीमाशंकराच्या देवळापुढील १७२९ सालची आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरावरील १७२१ सालची, अशा दोन पोर्तुगीज घंटा वसईच्या विजयाची खूण म्हणून दाखविल्या जातात. कोणती घंटा कोणत्या मनोऱ्यावरची, हा प्रश्न येथे सोडून देऊ. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की मंदिरे ओस पडली आणि घंटा वाजत राहिल्या. कारण त्यांना नवे उपासक मिळाले.

किल्ला आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या कायद्यात निदान शंभर वर्षांचे वय ही प्राचीन स्मारकाची अट आहे. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्थळाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण आले. याच कायद्याचे सोळावे कलम उपासनास्थळाच्या पावित्र्याची काळजी घेते. तथापि संरक्षण लागू होताना जेथे उपासना चालू नव्हती तेथे ती नव्याने सुरू होऊ द्यावयाची नाही, असे सर्वेक्षणाचे धोरण आहे. मात्रीझ सुरक्षित आहे, पण अवशेष म्हणून. त्याचा जीर्णोद्धार आता करता येणार नाही, आणि माझ्या मते तो करूही नये; छपरावाचून उभ्या असलेल्या भिंतींना स्वतःचा एक इतिहास जडला आहे.

खरी अडचण जिवंत मंदिरांची आहे. दादरचे ‘आवर लेडी ऑफ सॅल्व्हेशन’ हे धर्मग्राम-मंदिर फ्रान्सिस्कनांनी १५९६ मध्ये स्थापिले. १९७० च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी तेथे अंगणे व कवचाकार छते असलेली संपूर्ण नवी वास्तू उभारली. ती आधुनिक भारतीय वास्तुकलेतील एक उत्तम कृती आहे, हे मी निःशंकपणे मान्य करतो. तरीही लोक त्या ठिकाणाला अद्याप ‘पोर्तुगीज चर्च’च म्हणतात, नाव टिकले, भिंती गेल्या. मुंबईला वारसा-वास्तूंची श्रेणीवार नियमावली मिळाली ती १९९५ मध्ये, म्हणजे पुष्कळ उशिरा.

ठाण्यात मासुंदा तलावाकाठचे संत जॉन बाप्टिस्ट यांचे मंदिर आजही उपासनेत आहे. उपासकांची संख्या वाढते, पाऊस गळतो, भिंतीला ओल येते. दुरुस्ती टाळणे कोणत्याही धर्मग्रामाला परवडणारे नाही. प्रश्न दुरुस्ती कशी करावी हा आहे. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला म्हणजे आतील ओल बाहेर पडू शकत नाही, क्षार आतच साचतात आणि दगडाचा पृष्ठभाग सुटू लागतो. खाऱ्या हवेच्या या पट्ट्यात हा दोष लवकर दिसून येतो. चुन्याचे काम सावकाश होते, त्याला पाणी मारीत राहावे लागते आणि ते जाणणारे गवंडी थोडे उरले आहेत. म्हणून अशा मंदिरात गिलाव्याला हात लावण्यापूर्वी मोजमापाचे आराखडे काढावेत, भिंतीतील व थडग्यांवरील प्रत्येक लेखाचे ठसे घ्यावेत, आणि वृद्ध धर्मग्रामस्थ वास्तूच्या निरनिराळ्या भागांना कोणती नावे देतात तीही टिपून ठेवावीत. मेनेझिशच्या काळातील कारागिरांनी वसईस हे केले नाही. १६०१ पूर्वीचे मात्रीझ कसे होते ते आज रेखाटता येत नाही.