दारू सोडल्यावर बसायचं कुठे?

"काय, बसायचं का?" या प्रश्नाचा अर्थ आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दारू सोडणाऱ्याची खरी अडचणही याच प्रश्नात आहे.

समजा, देऊळगाव राजातला एक माणूस व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून घरी आला. अंगातली दारू उतरली, हाताची थरथर थांबली. पण संध्याकाळचे सात रोज वाजणारच, आणि जुने मित्र नेहमीच्या जागी बसलेले असणारच. मग यानं बसायचं कुठे? आमच्या भाषेत सांगायचं तर केंद्र म्हणजे इन्स्टॉलेशन. खरा खेळ पुढच्या मेंटेनन्सचा. त्यासाठी लागतो गट, म्हणजे त्याच रस्त्यानं गेलेली चार माणसं.

ही कल्पना तशी जुनी आहे. १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका गुत्त्यातल्या सहा पिणाऱ्यांनीच दारू सोडायची शपथ घेतली आणि जॉर्ज वॉशिंग्टनच्या नावानं मंडळ काढलं. सभेत उपदेश नाही, फक्त स्वतःची कहाणी सांगायची. चळवळ वणव्यासारखी पसरली. पण मग दारूबंदी कायद्याचं राजकारण आत शिरलं, भांडणं लागली आणि काही वर्षांतच सगळं विरलं.

पुढची गोष्ट १९३५ ची. न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी ऍक्रन गावात आला होता. दारू सोडून जेमतेम पाच-सहा महिने झालेले, त्यात सौदा फिसकटला. हॉटेलच्या लॉबीत उभा, आणि बारमधून हसण्या-खिदळण्याचे आवाज येतायत! त्यानं काय केलं? चर्चच्या यादीवरून फोन लावायला सुरुवात केली. स्वतःची दारू लांब ठेवायला त्याला दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलायचं होतं. शेवटी गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. स्मिथसाहेब पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बसले. त्यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ ला. तीच अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे 'एए'ची जन्मतारीख मानतात.

एएनं पुढे जे नियम केले ते मला फार आवडतात. राजकारणावर मत द्यायचं नाही, बाहेरचा पैसा घ्यायचा नाही, नाव जाहीर करायचं नाही. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. फी नाही. १९५७ साली एए भारतात पोचलं.

महाराष्ट्रात १९४९ पासून दारूबंदीचा कायदा आहे, परमिट त्यातूनच आलं. पण कायदा माणसाशेजारी येऊन बसत नाही. ते काम 'मुक्तांगण'सारख्या संस्थेनं केलं. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदत देऊ केली. डॉ. सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. तिथल्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण सुरू झालं. बरे झालेले रुग्णच पुढे तिथे समुपदेशक झाले. बायकांसाठी 'सहचरी' गटही निघाला, कारण दारू एकटा पितो पण भोगतं सगळं घर.

आता परत बुलडाणा जिल्ह्यात. इथे याचा एक देशी भाऊ आधीपासून आहे, वारकऱ्याची माळ. माळ घातली की दारू-मटण बंद, आणि एकादशीला, भजनाला बसायला हक्काची माणसं. "त्यानं माळ घातलीय" म्हटलं की आग्रह करणारेही गप्प बसतात. गंमत बघा, एए नाव लपवून जे साधतं, तेच माळ चारचौघांत दाखवून साधते. पण पाय घसरला तर माळ घातलेल्याला तोंड दाखवायची लाज वाटते. एएच्या मीटिंगला मात्र तो दुसऱ्या दिवशी परत जाऊ शकतो. किंबहुना त्यानं जावं अशीच अपेक्षा असते.

थोडक्यात काय, योग्य गट कोणता? जिथे दर आठवड्याला जाता येईल, जिथे बोलणारे स्वतः त्यातून गेलेले असतील, जिथे पैसे आणि मतं मागत नाहीत आणि घसरलेल्याला परत घेतात, तो. गाव लहान, सगळे ओळखीचे, म्हणून संकोच वाटत असेल तर जवळच्या जालन्यासारख्या मोठ्या गावातल्या मीटिंगची चौकशी करावी. फोनवरून होणाऱ्या ऑनलाइन मीटिंगाही आहेत. सरकारची १४४४६ ही हेल्पलाइनही आहे.

एक सांगायलाच हवं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग गट.

आणि जवळपास गटच नसेल तर? ऍक्रनमध्येही नव्हता. दोन माणसं, दोन खुर्च्या आणि ठरलेली वेळ एवढ्यावर तो सुरू झाला. सातला बसायचंच आहे ना? मग असं बसा.