मिस्सा : लॅटिनकडून मराठीकडे

वसईतील कॅथलिक समाजाच्या उपासनेचे केंद्र म्हणजे मिस्सा, अर्थात ख्रिस्तयाग. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी (१९६२-६५) हा विधी लॅटिन भाषेत होत असे. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून प्रार्थना म्हणत आणि अनेक भाविक मागे जपमाळ ओढीत बसत. ४ डिसेंबर १९६३ रोजी परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाव दिला आणि प्रापंचिकांचा सहभाग सजग व सक्रिय असावा, असे सांगितले. त्यानंतर वसईच्या चर्चमध्ये मराठी प्रार्थना घुमू लागल्या. ख्रिस्ती साहित्याला मराठी नवी नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तरी घरी सामवेदी वा वाडवळी बोलणाऱ्यांना प्रमाण मराठीही काहीशी परकीच.

भाषेबरोबर भाविकाची जबाबदारीही वाढली. १९७० च्या नव्या मिस्साग्रंथात पापकबुलीच्या प्रार्थनेत विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीला कर्तव्यातील कसुरीचीही भर पडली. परक्या भाषेतील कबुली नुसती ऐकून सोडता येते. आपल्या भाषेत ती स्वमुखाने उच्चारताना मात्र शेजाऱ्यासाठी करावयाचे काय राहून गेले, हे आठवावेच लागते.