पट्ट्यावर फिरणारी तबकडी

रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्राकडून दोनच अपेक्षा असतात. वेग ढळू नये, आणि यंत्राचा स्वतःचा आवाज सुईपर्यंत पोचू नये. यातली दुसरी पुरी करणं फार अवघड. लाँग प्ले रेकॉर्डची खाच वरच्या कडेला जेमतेम पन्नास-साठ मायक्रॉन रुंद असते आणि तंबोऱ्याच्या विरत जाणाऱ्या झंकाराची नागमोड एका मायक्रॉनच्याही आत असू शकते. सुईला गाणं आणि हादरा यांतला फरक कळत नाही; तिला हलवेल ते सगळं तिच्या लेखी संगीतच. म्हणून मोटारीची थरथर खाचेपर्यंत गेली की ती स्पीकरमधून घरघर होऊन बाहेर येते. रबरी पट्ट्याने फिरणारा टर्नटेबल या एका अडचणीतून घडला. तो घडायला रेकॉर्डच्या जन्मानंतर जवळजवळ पाऊण शतक जावं लागलं.

एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये चपट्या तबकडीच्या ग्रामोफोनचं पेटंट घेतलं. त्यांची सुरुवातीची यंत्रं हाताने फिरवायची होती, त्यामुळे फिरवणाऱ्याचा हात दमला की गाणाऱ्याचा स्वर उतरे. १८९६ मध्ये न्यू जर्सीतल्या कॅमडेनचे कारागीर एल्ड्रिज जॉन्सन यांनी त्यांच्यासाठी स्प्रिंगची मोटार तयार केली आणि चावीचा ग्रामोफोन घरोघरी जाण्याजोगा झाला. या मोटारीतला कळीचा भाग गव्हर्नरचा. एका बारीक दांडीभोवती पातळ पोलादी पट्ट्यांवर शिशाचे किंवा पितळेचे गोळे बसवलेले असत. वेग वाढला की गोळे बाहेर फाकत, दांडीवरची चकती सरकून चामड्याच्या किंवा नमद्याच्या तुकड्यावर घासे आणि वेग आवरला जाई. तो तुकडा मागेपुढे करायचा स्क्रू म्हणजेच वेगाचा काटा. त्या काळी रेकॉर्डही एकाच वेगाने मुद्रित होत नसत. मिनिटाला सत्तर ते ऐंशीच्या आसपास काहीही असे. जुन्या रेकॉर्डवरून गायकाची पट्टी ठरवायची झाली तर आजही अभ्यासकांना आधी या वेगाचा उलगडा करावा लागतो.

विजेची मोटार आल्यावर वेगाचा हिशेब विजेच्या वारंवारतेशी बांधला गेला. अमेरिकेत ६० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला ३६०० फेरे घेणारी मोटार ४६ पट मंद केली की ७८.२६ फेरे मिळतात. ५० हर्ट्झच्या देशांत हाच आकडा ७७.९२ झाला. आपण सरसकट ‘सेव्हंटी एट’ म्हणतो ती रेकॉर्ड म्हणजे या दोन आकड्यांमधली तडजोड आहे. पुढे कोलंबियाने जून १९४८ मध्ये ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले रेकॉर्ड आणली, तर आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये ४५ फेऱ्यांची छोटी. एकाच यंत्रावर तीन वेग लागू लागले आणि यंत्राची रचना बदलली.

त्या वेळची प्रचलित सोय म्हणजे रबरी चाक. मोटारीच्या दांड्यावर वेगवेगळ्या जाडीच्या पायऱ्या असत. एक रबरी कडेचं चाक एका बाजूने त्या पायरीला आणि दुसऱ्या बाजूने प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीच्या, आतल्या काठाला दाबून धरलेलं असे. चाक वरखाली सरकवलं की पायरी बदले आणि वेगही बदले. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या गॅरार्ड कंपनीचं १९५४ चं ३०१ हे यंत्र याच जातीचं, आणि ते आजही जपलं जातं ते उगाच नाही: त्याची मोटार दमदार, बांधणी भक्कम, वेग घट्ट. भारतातल्या रेडिओग्रॅमच्या लाकडी पेटीत बसवलेले गॅरार्ड आणि बीएसआरचे रेकॉर्ड-चेंजरही रबरी चाकावरच चालत. मात्र या रचनेत मोटार आणि प्लॅटर चाकामार्फत एकमेकांना चिकटलेले असतात. मोटार मिनिटाला साधारण दीड हजार फेरे घेते, म्हणजे सेकंदाला पंचवीस. हा कंप थेट खर्जाच्या तळाशी ऐकू येतो. शिवाय यंत्र बंद करताना चाक मागे घ्यायचं राहिलं तर दाबाने त्याची कड एका जागी चपटी होते आणि पुढे प्रत्येक फेऱ्याला ठोका पडत राहतो.

मोनो रेकॉर्डच्या काळात हे निभावून जात होतं, कारण तिथे सुईची फक्त आडवी हालचाल गाणं म्हणून वाचली जाई. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या आणि गणित पालटलं. स्टिरिओमध्ये खाचेच्या दोन तिरक्या भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरलेले असतात, त्यामुळे सुईला आडवं आणि उभं दोन्ही वाचावं लागतं. बेअरिंगची उभी थरथर तोवर कोणाच्या कानावर येत नव्हती. आता तीही आली. चांगली समजली जाणारी यंत्रंही घरघरू लागली. पट्ट्याच्या टर्नटेबलला खरी गती मिळाली ती इथून. थोरेन्स या स्विस कंपनीच्या १९५७ च्या टीडी १२४ मध्ये पट्टा आधीच होता, पण तिथे तो मोटारीकडून पायऱ्यांच्या पुलीपर्यंत येऊन थांबे. पुढचं काम रबरी चाकच करी.

निर्णायक पाऊल टाकलं अमेरिकेतल्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीने. तिचे एक संस्थापक एडगर विल्चूर हे बंद पेटीच्या छोट्या स्पीकरसाठी आधीच नावाजलेले होते. १९६१ मध्ये त्यांनी आणलेला टर्नटेबल दिसायला अगदी साधा होता, पण त्याच्या पोटातली मांडणी नवी होती. प्लॅटरचं बेअरिंग आणि सुई धरणारा टोनआर्म हे दोन्ही एकाच ‘टी’ आकाराच्या धातूच्या चौकटीवर बसवलेले, आणि ती चौकट तीन स्प्रिंगांवर लटकती. मोटार मात्र वेगळी, वरच्या पत्र्याला पक्की. तरंगणारा भाग आणि मोटार यांना जोडणारी एकच वस्तू उरली: एक पातळ रबरी पट्टा.

या मांडणीचं मोल समजून घेण्यासारखं आहे. प्लॅटर आणि टोनआर्म एकाच चौकटीवर असल्यामुळे चौकट हलली तरी दोघं बरोबर हलतात. सुई आणि खाच यांच्यातलं नातं बिघडत नाही. खोलीतून कोणी पाय आपटत गेलं किंवा टेबलाला धक्का लागला तरी तो स्प्रिंगांत जिरतो. चालू टर्नटेबलच्या पेटीवर हातोडीने ठोकून सुई उडत नाही हे विल्चूर लोकांना दाखवत. रबरी चाकाच्या यंत्रात हे शक्यच नव्हतं, कारण चाक दाबून धरायचं तर मोटार आणि प्लॅटर एकाच ताठ बैठकीवर हवेत. पट्टा लवचीक असल्यामुळेच प्लॅटरला तरंगत ठेवता आलं. पट्टा हा बहुधा शांत मोटारीचा स्वस्त उपाय म्हणून सांगितला जातो, पण त्याची मोठी कामगिरी ही आहे.

पट्ट्याचं तंत्र महाराष्ट्रात कोणाला नवं नाही. पिठाच्या गिरणीत मोटारीकडून जात्याकडे जाणारा पट्टा तेच काम करतो. फरक इतकाच की गिरणीला ताकद हवी असते, तर टर्नटेबलला स्थिरता. छोट्या पुलीवरून मोठ्या प्लॅटरवर पट्टा नेला की व्यासांच्या प्रमाणात वेग उतरतो. मोटार मिनिटाला २५० फेरे घेत असेल तर ३३⅓ साठी साडेसात पट उतार पुरतो. इतक्या मंद मोटारीचा फिरण्याचा कंप सेकंदाला चारच्या आसपास, म्हणजे कानाच्या आवाक्याखाली राहतो. उरते ती पन्नास हर्ट्झच्या विजेची, सेकंदाला शंभर वेळा होणारी थरथर. तिथे पट्ट्याचा ताण आणि प्लॅटरचं वजन एकत्र कामाला येतात: रबर किंचित ताणतं-आकसतं, आणि जड प्लॅटर इतक्या झटपट बदलांना दाद देत नाही. संथ ओढ पोचते, कंप वाटेतच विरतो.

गंमत पुलीच्या आकारात आहे. नीट पाहिलं तर ती सरळ नळकांड्यासारखी नसून मध्ये किंचित फुगीर, पिंपाच्या आकाराची असते. सपाट पट्टा फिरताना नेहमी जास्त व्यासाकडे चढतो, म्हणून तो आपोआप मधोमध येऊन स्थिरावतो आणि कडेच्या खोबणीची गरज राहत नाही. जाडीचा प्रश्न मात्र याहून नाजूक. पट्टा पुलीवर वळतो तेव्हा परिणामकारक व्यास म्हणजे पुलीचा व्यास अधिक पट्ट्याची जाडी. पुली १० मिलिमीटरची, पट्टा १ मिलिमीटरचा, आणि पट्ट्याच्या एका भागात जाडी ०.०५ मिलिमीटरने जास्त असेल, तर तो भाग पुलीवरून जाताना वेग जवळजवळ अर्धा टक्का वाढतो. सतार किंवा पियानोच्या लांब स्वरात हा हेलकावा ऐकू येतो. म्हणून चांगला पट्टा साच्यातून काढून तसाच बसवत नाहीत, घासून एकसारख्या जाडीचा करतात. तरी हेलकाव्याचा सगळा दोष पट्ट्यावर टाकणं अन्यायाचं आहे. रेकॉर्डचं मधलं छिद्र केंद्रापासून ०.२ मिलिमीटरने जरी सरकलेलं असलं, तरी आतल्या, साठ मिलिमीटर त्रिज्येच्या खाचांवर वेग प्रत्येक फेऱ्यात सुमारे ०.३ टक्के वरखाली होतो, आणि हा दोष कोणताही टर्नटेबल सुधारू शकत नाही.

अशा टर्नटेबलमधल्या सिंक्रोनस मोटारीचा वेग विजेच्या वारंवारतेवर ठरतो, दाबावर नाही. अमेरिकेतून आणलेला टर्नटेबल मुंबई-पुण्यात २३० व्होल्टचे ११० करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर लावला तर तो चालतो, पण मंद चालतो: ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे. काळी एकमधला गायक खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली उतरतो आणि वीस मिनिटांचा ख्याल चोवीस मिनिटं चालतो. ट्रान्सफॉर्मर बदलून याला उपाय नाही, पुलीच १.२ पट मोठ्या व्यासाची बसवावी लागते.

आपल्याकडे त्यात आणखी एक अडचण होती. विजेची मागणी पुरवठ्याच्या वर गेली की वारंवारता उतरते, आणि १९९० च्या दशकात भारतात ती ४९ हर्ट्झच्याही खाली जात असे. ४८.५ हर्ट्झला रेकॉर्ड तीन टक्के मंद फिरते, म्हणजे सूर सुमारे अर्ध्या अर्धस्वराने उतरतो. संवादिनी जुळवून रेकॉर्डबरोबर रियाज करणाऱ्याला तो खटकणारच. वेग तपासण्याच्या स्ट्रोबोस्कोप चकतीवर ३३⅓ साठी १८० रेषा असतात. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली त्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर, असं मानतात. पण दिवा आणि मोटार एकाच विजेवर असतील तर वारंवारता उतरल्यावर दोघं बरोबरच मंदावतात आणि रेषा जागच्या हलत नाहीत. चकती बिनचूक, कान बिनचूक, तरी दोघांचं पटत नाही.

विल्चूर यांची कल्पना युरोपने उचलली. १८८३ पासून स्वित्झर्लंडच्या सेंत-क्रॉयमध्ये काम करणाऱ्या, मुळात संगीतपेट्या बनवणाऱ्या थोरेन्सने १९६५ मध्ये टीडी १५० हा स्प्रिंगवरचा टर्नटेबल आणला आणि १९६८ च्या टीडी १२५ मध्ये मोटारीला स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक मंडल दिलं, म्हणजे वारंवारता भिंतीतल्या विजेवर अवलंबून राहिली नाही. ग्लासगोच्या आयव्हर टिफेनब्रुन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लिन सोंडेक एलपी१२ बाजारात आणला. त्याची रचना याच वळणाची. वेगळेपण होतं ते बेअरिंगच्या बारीक कारागिरीत आणि एका आग्रहात. चांगल्या स्पीकरवर खर्च करण्याआधी आवाज जिथून निघतो ते यंत्र चांगलं घ्या, हा तो आग्रह. त्या यंत्राच्या स्प्रिंगा जुळवणं हे स्वतंत्र कसब आहे: प्लॅटर हलकेच दाबून सोडला की तो सरळ वरखाली व्हायला हवा, वळता किंवा डोलता कामा नये.

इंग्लंडमध्ये १९७३ मध्ये सुरू झालेल्या रेगा कंपनीने मात्र स्प्रिंगच काढून टाकल्या. हलकी पण ताठ लाकडी फळी, काचेचा प्लॅटर, खाली रबरी पाय आणि पट्टा, एवढंच. कमी वजन म्हणजे कमी साठलेली थरथर, असा त्यामागचा विचार. लिन आणि रेगा यांच्या पद्धती एकमेकींच्या उलट, पण पट्ट्याबाबत दोघांचं एकमत.

खरा विरोध आला जपानमधून. मात्सुशिता कंपनीने १९७० मध्ये टेक्निक्स एसपी-१० आणला. त्यात मोटारीच्या दांड्यावरच प्लॅटर. पट्टा नाही, चाक नाही, मोटारच ३३⅓ ने फिरणारी. १९७२ च्या एसएल-१२०० ने आणि त्याच्या १९७९ च्या सुधारित आवृत्तीने डीजेंना आपलंसं केलं, कारण सुरुवातीचा झटका आणि हाताने मागे-पुढे फिरवणं पट्ट्याला झेपत नाही. क्वार्ट्झने बांधलेला तिचा वेग मोजमापात बहुतेक पट्ट्याच्या यंत्रांहून सरस ठरतो. तरी घरात शांतपणे ऐकण्याच्या यंत्रांत पट्टा टिकून राहिला, कारण शांत मोटार आणि अलिप्त प्लॅटर या गोष्टी थोड्या खर्चात तोच देऊ शकतो.

१९८२ मध्ये सीडी आल्यावर दोन्ही जाती मागे पडल्या. पट्ट्याचे टर्नटेबल मात्र पूर्ण थांबले नाहीत. ऑस्ट्रियातली प्रो-जेक्ट ही कंपनी १९९१ मध्ये सुरू झाली आणि चेक देशातल्या लितोवेल इथल्या, पूर्वी टेस्लाच्या असलेल्या कारखान्यात स्वस्त आणि नेटकी यंत्रं बनवू लागली. अमेरिकेत २०२२ मध्ये विनाइल रेकॉर्ड सीडींपेक्षा जास्त संख्येने विकल्या गेल्या, तेव्हा नव्या ग्राहकाच्या घरी गेलेल्या यंत्रांत पट्ट्याची यंत्रं मोठ्या प्रमाणावर होती. एलपी१२ अजूनही बनतो, आणि त्याचे जुने नग नवे भाग घालून चालवले जातात.

या यंत्राची देखभाल थोडकी आहे. पट्टा ताणून सैल झाला की प्लॅटर वेग पकडायला वेळ लावतो, मोठा आवाज असलेल्या भागात किंचित अडखळतो. बोटांच्या तेलाने पट्टा घसरतो, म्हणून तो आणि पुली स्पिरिटने पुसून घेतात. बरीच वर्षं न वापरलेल्या यंत्रात रबर पुलीला चिकटून तिथे गाठ धरतं; असा पट्टा पुसून सुधारत नाही, बदलावाच लागतो. बदलायला काही मिनिटं लागतात: दोन भागांच्या प्लॅटरचा बाहेरचा भाग उचलायचा, नवा पट्टा आतल्या चाकावर पीळ न पडता बसवायचा आणि पुलीवर ओढून घ्यायचा.