किरारीचा लाकडी खांब

मुंबईहून हावड्याकडे निघालेली गाडी दुर्ग सोडते न सोडते तोच भिलईच्या पोलाद कारखान्याची धुरांडी दिसू लागतात. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. या चार वर्षांत भातखाचरांच्या प्रदेशात एक नवे नगर उभे राहिले. त्याच्या वस्त्यांना सेक्टरांचे आकडे मिळाले आणि देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे तेथे राहावयास आली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही पुष्कळ होती. अशा गावाला इतिहास तो कसला, असे कोणासही सहज वाटावे. परंतु त्याच भिलईच्या कडेला, भिलई-तीनच्या पलीकडे, देवबलोदा नावाचे खेडे आहे आणि तेथे कलचुरी काळातील, सुमारे तेराव्या शतकातले शिवमंदिर आहे. मंडपाचे खांब कोरीव आहेत, शेजारी कुंड आहे; शिखर मात्र नाही. शिखर का नाही, याची एक कथा गावकरी सांगतात. मूर्तिकार रात्री विवस्त्र होऊन, देहभान विसरून काम करीत असे. नेहमी पत्नी भोजन घेऊन येई. एके दिवशी बहीण आली आणि लज्जेने त्याने कुंडात उडी घेतली. शिखर तसेच राहिले.

कथा सुंदर आहे. ती इतिहास नव्हे हे सांगावयास पंडित लागत नाही. पण शिखर नाही ही गोष्ट लोकांनी शतकानुशतके डोळ्यांआड होऊ दिली नाही, हेही थोडे नव्हे. स्थानिक स्मृती आणि शोधकाची चिकित्सा यांची गाठ पडली की काय हाती लागते, आणि ती उशिरा पडली की काय हातचे जाते, हे पाहावयाचे तर भिलई सोडून पूर्वेकडे महानदीच्या काठी जावे लागते.

तेथे चंद्रपूरजवळ किरारी नावाचे गाव आहे. (हे चंद्रपूर छत्तीसगढातले, आपल्या वऱ्हाडाशेजारचे चांदा नव्हे.) १९२१ च्या उन्हाळ्यात गावचा हिराबंध तलाव आटला. खतासाठी तळाचा गाळ उपसत असता लोकांना एक लाकडी खांब सापडला आणि त्यांनी तो ओढून काठावर टाकला. खांबावर अक्षरे होती, पण कोणालाही न वाचता येणारी. शतकानुशतके पाण्यात मुरलेले लाकूड आतल्या पाण्याच्याच आधारावर टिकलेले असते; ते एकाएकी वाळले की आकसते आणि त्याचा पृष्ठभाग ढलपे धरून सुटू लागतो. चैत्र-वैशाखाचे ते ऊन! अक्षरे गळू लागली. जे लाकूड सतराअठराशे वर्षे जलात सुरक्षित राहिले, त्याचा लेख माणसाच्या हाती येताच नाहीसा होऊ लागला.

गावात लक्ष्मीप्रसाद उपाध्याय नावाचे एक पंडित होते. त्यांना ती लिपी येत नव्हती. तरीही त्यांनी समोर दिसली तशी अक्षरे, वळणासाठी वळण, कागदावर उतरवून घेतली. अर्थ न कळता केलेली ही नक्कल, पण लेखाचा बहुतेक भाग आज उपलब्ध आहे तो तिच्यामुळेच. पुढे तज्ज्ञ पोचले तेव्हा खांबावर मोजकीच अक्षरे शिल्लक होती. डॉ. हिरानंद शास्त्री यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या अठराव्या खंडात हा लेख प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांना आधार घ्यावा लागला तो या गावपंडिताच्या कागदाचा.

लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत असून इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, म्हणजे सातवाहनकालीन मानला जातो. त्यात काय असावे? राजाचे पराक्रम नव्हेत; आहे ती अधिकाऱ्यांची नामावळी. नगररक्षी, सेनापती, प्रतिहार, गणक, भांडागारिक, हत्तीवर आरूढ होणारा, घोड्यावर आरूढ होणारा, पाकशाळेचा महानसिक, गाईंच्या खिल्लारांवरचा गोमांडलिक आणि पत्रे पोचविणारा लेखहारक. एका राज्याचे सारे कार्यालयच त्या लाकडावर हजर आहे. ज्याने सरकारी दफ्तरात चार दिवस काढले आहेत, त्याला सेनापतीच्या पंक्तीस लेखहारकाचे नाव पाहून बरे वाटल्याखेरीज राहणार नाही. दोन हजार वर्षांत टपाल नेणाऱ्याची नोंद इतक्या मानाने क्वचितच झाली असेल.

या खांबाकडे विद्वानांचे लक्ष वेधण्याचे श्रेय पंडित लोचनप्रसाद पांडेय यांच्याकडे जाते. महानदीकाठचे बालपूर हे त्यांचे गाव. ते हिंदीतले नामवंत कवी. पण त्यांचे अर्धे आयुष्य शिलालेख, ताम्रपट आणि नाणी यांच्या मागे गेले. त्यांनी ‘छत्तीसगढ गौरव प्रचारक मंडळी’ स्थापिली आणि तिचेच रूपांतर पुढे महाकोसल इतिहास समितीत झाले. पुण्यात १९१० साली वि. का. राजवाडे व सरदार मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले, सभांतून निबंध वाचविले आणि ते छापून काढले. बालपूरच्या मंडळीची धाटणी त्याच जातीची असली तरी परिस्थिती फार निराळी होती. पुण्याच्या हाताशी सरदारांचे वाडे होते, रुमालांत बांधलेली दफ्तरे होती आणि वाद घालावयास अभ्यासू श्रोते होते. येथे दूरदूर विखुरलेली खेडी, आणि नांगराच्या फाळाला लागलेला ताम्रपट तांबटाच्या मुशीत जाण्याआधी गाठण्याची धडपड. म्हणून या समितीचे खरे काम सभागृहापेक्षा गावाच्या पारावर झाले, असे म्हणावयास हरकत नाही. कोणाच्या शेतात काय निघाले ही बातमी आपल्यापर्यंत यावी, एवढा विश्वास तिने मिळविला होता.

या बातम्यांचे शास्त्र झाले ते नागपूरच्या मदतीने. मध्यप्रांतातील शिलालेखांची सूची प्रथम केली ती रायबहादूर हिरालाल यांनी, सरकारी अधिकारपद सांभाळून. ती १९१६ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्यानंतर आले महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी, मूळचे कोकणातले आणि नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकविणारे. मिराशी आणि पांडेय यांनी काही ताम्रपट जोडीने संपादिले. सक्तीजवळच्या गुंजी येथील खडकावरचा प्राचीन लेखही मिराशींनी संपादिला. ऋषभतीर्थावर ब्राह्मणांना सहस्र गाई दिल्याची नोंद त्यात आहे, आणि हे ऋषभतीर्थ महाभारताच्या वनपर्वातही आढळते. १९५५ साली मिराशींचा कलचुरी-चेदी लेखांचा महाग्रंथ बाहेर पडला. भिलईचा करार झाला तेच हे वर्ष! देवबलोद्याचे देऊळ ज्या राजवटीतले, तिची बखर आणि त्या देवळाशेजारच्या कारखान्याचा करारनामा, दोन्ही एकाच साली तयार व्हावीत, हा योग मौजेचा आहे.

बखर हा शब्द येथे उगाच योजिलेला नाही. एकोणिसाव्या शतकात रतनपूरचे बाबू रेवाराम यांनी हैहयवंशी राजांची तवारीख लिहिली. रतनपूरच्या परंपरेत वंशाचा उगम पौराणिक मयूरध्वजापर्यंत नेलेला होता. शिलालेख काय सांगतात? कलचुरी संवत ८६६ मधील, म्हणजे इ.स. १११४ चा, पहिल्या जाजल्लदेवाचा रतनपूर येथील लेख सांगतो की, त्रिपुरीच्या कोकल्लाला अठरा पुत्र होते. थोरला त्रिपुरीचा स्वामी झाला. धाकट्यांपैकी एकाच्या वंशातल्या कलिंगराजाने पितृभूमी सोडून दक्षिण कोसल जिंकला आणि तुम्माण येथे राजधानी केली. तवारीख आणि लेख यांचा मेळ बसत नाही. तरी रेवारामांना हसण्याचे कारण नाही. त्यांच्याजवळ ठसे नव्हते, ऐकलेले होते. आणि जे ऐकले ते त्यांनी लिहून ठेवले.

याच रतनपुरावर १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचा सरदार भास्करपंत कोल्हटकर चालून गेला. पुढे बिंबाजी भोसले तेथे राहून १७८७ पर्यंत कारभार पाहत होते, आणि त्या दरबारात मराठी भाषा व मोडी लिपी आली. भिलईतल्या मराठी माणसाला आपण या मुलखात कारखान्याबरोबर आलो असे वाटते. त्याची लिपी मात्र दोनशे वर्षे आधी येऊन गेली होती. ती वाचणारे आज त्या बाजूला किती उरले आहेत? किरारीच्या लोकांना ब्राह्मी वाचता येत नव्हती. मोडी तर आजोबा-पणजोबांच्या हातची लिपी.

किरारीचा खांब आज रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात आहे. भिलईहून रायपूर आगगाडीने तासाभराचा रस्ता. जवळ जाऊन पाहिले तर काळपट, भेगाळलेले लाकूड दिसते. त्यावरचा लेख डोळ्यांनी शोधून सापडत नाही. भांडागारिक, गणक, लेखहारक ही सारी मंडळी आता उपाध्यायांच्या त्या नकलेतच नांदतात.