उतारू, घरमालक आणि सरकार

परका मनुष्य एका रात्रीपुरता आपल्या घरी उतरला आणि जाताना त्याने चार पैसे ठेवले, तर ते घर घरच राहिले की त्याचे दुकान झाले? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. पण आपल्या देशातील राज्यकर्त्यांना तो फार प्राचीन काळापासून छळीत आला आहे. कोकणातला किंवा गोव्यातला एखादा गृहस्थ आज घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देऊ लागतो आणि नोंदणी, पोलीस, कर असे शब्द त्याच्या कानावर आदळू लागतात. तेव्हा त्याला वाटते की हे नवे लचांड कोठून आले? वस्तुतः ते नवे नाही. त्याची वंशावळ बरीच मोठी आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रापासून सुरुवात करावी. या ग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी त्यातील नागरिक या अधिकाऱ्याच्या कर्तव्यांचे प्रकरण वाचताना एखाद्या आधुनिक पोलीस ठाण्याचा फलक वाचीत आहोत असे वाटते. नगरात दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांमागे एक गोप असे. कोणत्या घरात किती माणसे आहेत, त्यांचा आय काय, व्यय काय, हे त्याने जाणावे अशी अपेक्षा होती. धर्मशाळेच्या चालकाने पाखंडी पांथस्थांची वर्दी देऊन मगच त्यांना जागा द्यावी. कारागिरांनी आपल्याच धंद्यातील माणसांना उतरवून घ्यावे. मद्य आणि शिजवलेले अन्न विकणाऱ्यांनी ओळखीच्या माणसालाच थारा द्यावा. आणि साध्या घरधन्याने? त्यानेही घरी कोण आले व घरून कोण गेले, हे कळवावे. न कळविल्यास त्या रात्री घडलेल्या गुन्ह्याचा दोष त्याच्या माथी येई. रात्र निर्वेध गेली, तरी तीन पण दंड द्यावा लागे. काही घडलेच नाही तरी दंड, हे कलम लक्षात ठेवण्याजोगे आहे. येथे उतारूच्या भाड्यावर सरकारचा डोळा नाही. त्याला हवे आहे ते उतारूचे नाव.

मध्ययुगात हमरस्त्यांवर सराया उभ्या राहिल्या. शेरशहाने दर दोन कोसांवर एक याप्रमाणे सतराशे सराया बांधल्या, असे अब्बासखान सरवानी सांगतो. दरबारी इतिहासकारांचे आकडे थोडे सैल हातानेच घ्यावेत हे बरे. तथापि त्या सरायांत हिंदू व मुसलमान प्रवाशांसाठी निराळी सोय असे, हे त्याचे म्हणणे ध्यानात घेण्यासारखे आहे. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने सराईचा शिरस्ता वर्णिला आहे. सायंकाळी दरवाजे बंद होत. सकाळी ते उघडण्यापूर्वी रखवालदार ओरडून प्रत्येकाला आपापले सामान तपासावयास सांगे, आणि कोणाची वस्तू गेली असेल तर ती सापडेपर्यंत दार उघडत नसे. म्हणजे येथे सरकारचा, किंवा सरकारच्या वतीने भटियाऱ्याचा, पहारा उतारूच्या गाठोड्यावर होता.

इंग्रजी अमलात या विषयाने जे वळण घेतले ते सर्वांत बोधक आहे, आणि ते समजण्यासाठी जगन्नाथपुरीला गेले पाहिजे. ओडिशावर १७५१ पासून १८०३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि पुरीच्या वाटेवर यात्रेकरूंकडून कर घेतला जात होता. १८०३ साली कंपनीने तो मुलूख घेतला व १८०६ च्या रेग्युलेशनाने हा कर स्वतःच्या नावाने चालू केला. यात्रेकरूंच्या प्रती पाडल्या गेल्या. उत्तरेकडून येणाऱ्या वरच्या प्रतीच्या यात्रेकरूवर दहा रुपयांपर्यंत आकारणी होई. त्या काळच्या मजुराला हे दहा रुपये डोंगराएवढे होते. पुढे इंग्लंडातील मिशनऱ्यांनी ओरड केली. यात्रेकरू गरीब आहेत, ही त्यांची मुख्य तक्रार नव्हती. ख्रिस्ती सरकारने मूर्तिपूजेच्या उत्पन्नात हात घालू नये, ही होती. अखेर १८४० च्या दहाव्या कायद्याने प्रयाग, गया आणि जगन्नाथ येथील यात्राकर रद्द झाले. गरिबाच्या कनवटीचे पैसे वाचले ते असे, दुसऱ्याच कोणाच्या विवेकाच्या टोचणीने.

परंतु कर गेला तरी यात्रा राहिली, आणि यात्रेबरोबर महामारीही. पुरीत यात्रेकरू उतरत ते पंड्यांच्या व गावकऱ्यांच्या घरांत. पंड्यांचे गुमास्ते गावोगाव हिंडून यात्रेकरू गोळा करीत आणि रथयात्रेच्या दिवसांत घराची प्रत्येक खोली माणसांनी भरून जाई. विल्यम हंटर याने १८७२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ओडिशावरील ग्रंथात अशा एका खोलीचे वर्णन आले आहे. तेरा फूट लांब, साडेदहा फुटांहूनही थोडी कमी रुंद. आणि तीत एका रात्री ऐंशी माणसे निजली होती असे सांगण्यात आले. आपण ज्या खोलीत बसून हे भाषण ऐकत असाल, तिच्याशी ही मापे ताडून पाहावीत. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत पटकीच्या प्रसाराबद्दल हिंदुस्थानातील यात्रांकडे बोट दाखविले गेले. पुढच्याच वर्षी हरद्वारच्या कुंभमेळ्यानंतर यात्रेकरूंच्या परतीच्या वाटांवर पटकी पसरली. आता सरकारला उतारूचे नाव पुरेसे नव्हते. तो कोणत्या हवेत श्वास घेतो, हेही मोजणे भाग पडले.

त्यातून बंगालचा १८७१ चा चौथा कायदा, म्हणजे पुरीच्या यात्रेकरूंच्या निवासगृहांचा कायदा, पुढे आला. घरमालकाने परवाना घ्यावा, आरोग्याधिकाऱ्याने घर पाहून त्यात किती माणसे मावतील ते ठरवावे, त्या संख्येप्रमाणे फी द्यावी, आणि त्या पैशातून गावाची स्वच्छता व औषधोपचार व्हावेत, अशी ही योजना होती. पुढे गयेसही असा निवासगृह-निधी उभा राहिला. १८४० साली दारावरून हाकललेला यात्राकर तीस-एकतीस वर्षांनी मागच्या दाराने, आरोग्याची टोपी घालून परत आला, असे कोणी म्हणेल. मला ते अर्धेच खरे वाटते. फी घरमालकावर असली तरी ती अखेर यात्रेकरूच्याच पदरातून निघणार, हे उघड आहे. पण पूर्वीचा पैसा खजिन्यात जाई आणि हा पैसा निदान कायद्याने तरी गटारांवर व दवाखान्यांवर खर्च व्हावयाचा होता. हा फरक लहान नाही. उणीव होती ती दुसरीकडे. परवान्यावर लिहिलेला आकडा रथयात्रेच्या मध्यरात्री मोजणार कोण?

पंड्याच्या दृष्टीने तर हा कायदा मुळातच विपरीत होता. त्याच्या मते येणारा मनुष्य उतारू नव्हे, यजमान. त्याच्या आजा-पणज्यांची नावे आपल्या वहीत आहेत. तो देतो ते भाडे नव्हे, दक्षिणा. आता त्याच घरात दुसरी वही आली. एका वहीत पिढ्या आणि दुसरीत डोकी. तीर्थक्षेत्री गेलेल्या मराठी माणसाला पहिली वही ठाऊक असते. दुसरीची त्याने फारशी चौकशी केलेली नसते.

हरद्वारच्या त्याच कुंभमेळ्याच्या वर्षी, म्हणजे १८६७ साली, सरायांचा कायदाही झाला. हा बाविसावा कायदा लहानसा आहे, पण त्याची एक व्याख्या मोलाची आहे. प्रवाशांच्या निवाऱ्यासाठी वापरली जाणारी कोणतीही इमारत ती सराई. आणि इमारतीचा काही भागच तसा वापरला जात असेल, तर तेवढा भाग सराई. घर की दुकान या प्रश्नाला कायद्याने दिलेले हे उत्तर होते. ओटी सराई होऊ शकते आणि माजघर घर राहू शकते. जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटने सरायांची नोंदवही ठेवावी आणि नोंदीबद्दल काहीही आकार घेऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. चालकाची कर्तव्ये मोठ्या घरगुती बारकाईने सांगितली आहेत. साथीच्या रोगाने कोणी आजारी पडल्यास जवळच्या ठाण्यात वर्दी द्यावी. खोल्या, पडव्या, मोऱ्या व विहिरी स्वच्छ ठेवाव्यात. दरांचा तक्ता लोकांना दिसेल असा लावावा. चोराला आत शिरण्यास वा पळण्यास सोयीच्या होतील अशा झाडांच्या फांद्या तोडाव्यात. कसूर झाल्यास दंड वीस रुपयांपर्यंत. अर्थशास्त्रातील नाव, मनुचीच्या सराईतले गाठोडे आणि पुरीचा श्वास, तिन्ही येथे एकत्र आली आहेत. एकविसाव्या शतकातही उत्तर प्रदेशात हॉटेलांची नोंद या कायद्याखाली होत होती, यावरून त्याची चिवट प्रकृती दिसते.

आपल्या मुलखात यात्राकराची कल्पना मेली नाही. पंढरपुरासारख्या क्षेत्रांतून नगरपालिका तो कर घेत आल्या आणि महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपालिका कायद्यातही देवस्थानी ठराविक काळाने येणाऱ्या यात्रेकरूंवरील कराला जागा राहिली. मुंबईची अडचण निराळीच होती. महायुद्धाने शहरात इतकी माणसे लोटली की डोके टेकण्यास जागा मिळेना. तेव्हा १९४७ च्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्याने घरांबरोबर हॉटेले व लॉजिंगांचे दरही आवाक्यात आणले. वाजवी दर ठरविण्यासाठी नियंत्रक आला. मालकाने उतारूकडून किती घ्यावे, हेच आता सरकार पाहू लागले. स्वतः राहत्या घराचा भाग ज्याला दिला तो पेइंग गेस्ट, अशी व्याख्याही पुढे या कायद्यात आली आणि घर व दुकान यांच्यामधल्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या त्या माणसाला कायद्यात नाव मिळाले.

१९५० च्या संविधानाने पांथशाळा व त्यांचे चालक हा विषय राज्यांकडे सोपविला आणि चैनीच्या वस्तूंवरील करही राज्यांना दिला. यातून एक गमतीचा वाद निघाला. चैनीची वस्तू म्हणजे अत्तर, दागिने; हॉटेलची खोली ही वस्तू कशी? १९७७ चा गुजरातचा कायदा या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि १९८९ साली न्यायालयाने तो उचलून धरला. निवाऱ्याची गणना चैनीत झाली. पुरीच्या त्या तेरा फुटी खोलीपासून आपण किती दूर आलो, हे या एका निकालावरून समजावे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांचे हे निरनिराळे कर त्यात विरून गेले.

आता पुन्हा त्या गृहस्थाकडे वळू. गोव्यात १९८२ च्या पर्यटन-व्यवसाय नोंदणी कायद्याप्रमाणे प्रवाशांना पैसे घेऊन जागा देणाऱ्याने पर्यटन खात्याकडे नोंदणी करावयाची असते. खोल्या थोड्या आहेत म्हणून तो सुटत नाही. परदेशी पाहुणा आला की त्याची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवावी, हा १९३९ च्या परकीयांच्या नोंदणीविषयीच्या नियमांतील दंडक. त्या नियमांतील हॉटेलाच्या व्याख्येत सराई आणि पेइंग गेस्टचे घर ही दोन्ही शेजारी बसली होती. सप्टेंबर २०२५ पासून परकीयांविषयीचा नवा कायदा अमलात आला, तरी वर्दीचे बंधन सुटलेले नाही. दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कर पाच टक्के आहे. वार्षिक उलाढाल थोडकी असल्यामुळे ज्या घरमालकाला या करासाठी नोंदणीच लागत नाही, त्याचा पाहुणा संगणकावरील मध्यस्थ कंपनीमार्फत आला, तर कर त्या कंपनीने भरावयाचा. सराईच्या दाराशी बसणारा भटियारा आता शेकडो कोस दूर बसून गल्ला मोजतो. आणि मोऱ्या, विहीर व फांद्या पाहण्याचे काम मात्र पूर्वीप्रमाणेच घरधन्याकडे राहिले आहे.