शोधजाहिरातीतल्या शब्दगटांची कुळकथा

वरणगावकडून हतनूरच्या बाजूने तापी ओलांडली की रावेर-यावलचा केळीपट्टा लागतो. इथे इंटरनेटवर ‘केळी’ शोधणाऱ्या सगळ्यांची गरज एक नसते. एकाला आजचा भाव हवा असतो, दुसऱ्याला टिश्यू कल्चरची रोपे, तिसऱ्याला करप्यावरचा उपाय, चौथ्याला वेफर्स. रोपवाटिकेने या चौघांपुढे एकच जाहिरात ठेवली, तर रोपे न घेणाऱ्या तिघांच्या क्लिकचेही पैसे तिलाच भरावे लागतात. म्हणून शोधजाहिरातीत शब्दांचे म्हणजे कीवर्डचे गट पाडतात आणि प्रत्येक गटाला त्याची वेगळी जाहिरात देतात. ही निव्वळ तांत्रिक टापटीप वाटते. पण तिचे मूळ पैशाच्या हिशेबात आहे.

या रीतीचा पूर्वज म्हणजे वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती. तिथेही ‘नोकरी’, ‘वधू-वर’, ‘भाड्याने देणे’ असे गट होते. पण मथळे वर्तमानपत्र ठरवी, दर शब्दांवर किंवा ओळींवर आकारला जाई, आणि जाहिरात कोणी वाचो न वाचो, पैसे तेवढेच लागत. 1998 साली अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ या शोधयंत्राने हा हिशेब उलटा केला: एकेका शब्दावर बोली लावा, क्लिक झाली तरच पैसे द्या. आता मथळा शोधणाऱ्याच्या तोंडचा झाला. मात्र जागा बोलीवरच मिळे, ज्याची बोली मोठी तो वर. गूगलने ऑक्टोबर 2000 मध्ये सुमारे 350 जाहिरातदारांसह ‘अ‍ॅडवर्ड्स’ सुरू केले, तेव्हा आकारणी क्लिकवर नव्हती, जाहिरात किती वेळा दिसली यावर होती. खरा बदल फेब्रुवारी 2002 चा. क्लिकची बोली आली आणि क्रम लावताना बोलीबरोबर लोक जाहिरातीवर किती प्रमाणात क्लिक करतात हेही धरले जाऊ लागले. समजा एकाची बोली 10 रुपये आणि शंभरांत एक क्लिक, तर दुसऱ्याची बोली 6 रुपये आणि शंभरांत तीन. गुणाकार अनुक्रमे 10 आणि 18. कमी बोलीचा वर जातो. नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर देण्याला इथे पहिल्यांदा रोकड किंमत आली, आणि ‘केळी रोपे’ व ‘केळी भाव’ एका गटात ठेवणे तोट्याचे ठरले. 2005 पासून गुणवत्तेचा हिशेब आणखी बारीक झाला. पुढे कित्येकांनी एका शब्दाचा एक गट करण्यापर्यंत मजल मारली.

यावर आक्षेप असा की ही रीत आता कालबाह्य झाली. 2014 मध्ये गूगलने नेमक्या जुळणीतही, म्हणजे दिलेलाच शब्द शोधला तर जाहिरात दाखवण्याच्या प्रकारातही, शब्दाची जवळची रूपे धरणे सक्तीचे केले, 2021 मध्ये विस्तृत जुळणीचा एक जुना प्रकारही बंद झाला. अर्थ यंत्रालाच कळत असेल तर गट कशाला? आक्षेपात तथ्य आहे. ‘केळीचे रोप’, ‘केळीची रोपे’ आणि रोमन लिपीतले तेच शब्द वेगळे ठेवून आज फारसे काही साधत नाही, एका शब्दाच्या गटांचा काळ सरला आहे. पण शब्द जुळवणे वेगळे आणि काय विकायचे हे ठरवणे वेगळे. पाच-सहा रोपे परसात लावू पाहणारा आणि एकरभर लागवड करणारा शेतकरी एकच शब्द टाइप करतात. रोपवाटिका घाऊक मागणीच घेते, पोच जळगाव-धुळ्यापुरतीच देते, ‘वेफर्स’ आणि ‘रेसिपी’ तिला वगळायचे आहेत, हे यंत्राला मालकानेच सांगावे लागते. ते सांगण्याची जागा म्हणजे गट, त्यातली जाहिरात आणि वगळलेल्या शब्दांची यादी.

म्हणून गट किती लहान असावा याचे उत्तर शब्दांच्या संख्येत शोधू नये. ज्या प्रश्नांना एकच जाहिरात आणि एकच पान प्रामाणिकपणे उत्तर देऊ शकते, ते एका गटात ठेवावेत. जिथे उत्तर बदलते तिथे गट बदलावा. जुळणीचे नियम पुढेही बदलत राहतील, पण क्लिकचे पैसे जोवर जाहिरातदाराच्या खिशातून जातात, तोवर ही कसोटी टिकेल. थोड्या पैशांत धंदा उभा करणाऱ्या गावच्या रोपवाटिकेला तर तिचा उपयोग मोठ्या कंपनीपेक्षा अधिक आहे, कारण वाया गेलेली क्लिक तिलाच जास्त जड जाते.