डीजे नावाची वस्तू

सोलापुरात ‘डीजे’ म्हटले की माणूस डोळ्यांसमोर येत नाही, टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत येते. डीजे लावला, डीजे आणला, डीजे जप्त केला. सगळी क्रियापदे सामानाची. मूळ शब्द ‘डिस्क जॉकी’, म्हणजे तबकड्या वाजवणारा माणूस. रेडिओवरून तो नाइटक्लबात गेला, तिथून वरातीत, आणि वरातीतून जयंती, विसर्जन, ईद-ए-मिलादच्या जुलूसमध्ये आला. या प्रवासात माणूस कुठेतरी गळून पडला.

नाचाचे संगीत घडवणाऱ्याचे नाव असे पुसले जाण्याची मोठी गोष्ट आपल्याच राज्यात, मुंबईत घडलेली आहे. चरणजीत सिंग हे डीजे नव्हते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार, बास आणि कीबोर्ड वाजवणारे ते वादक. आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यांत त्यांनी काम केले, लग्नसमारंभांत स्वतःचा वाद्यवृंद घेऊन वाजवले. चित्रपटाच्या पाटीवर संगीतकाराचे नाव येई, गीतकार-गायकांचे येई. स्टुडिओत रांगेने बसलेल्या वादकांचे सहसा येत नसे.

1980मध्ये फिरोज खान यांचा ‘कुर्बानी’ आला. कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये राहणारी नाझिया हसन ही पंधरा वर्षांची मुलगी त्यात गायली. तिचे गाणे बांधले होते बंगळुरूहून लंडनला गेलेल्या बिद्दू यांनी. त्यानंतर डिस्कोची लाटच आली; 1982च्या डिसेंबरमध्ये ‘डिस्को डान्सर’ लागला. त्याच वर्षी चरणजीत सिंग यांच्या मनात आले की, सगळे डिस्को करतात तर आपण त्याच ठेक्यावर राग का वाजवू नयेत? त्यांच्याकडे जपानच्या रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रे होती : ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे ठेक्याचे यंत्र आणि टीबी-303 हे बासचे छोटे यंत्र. घरी बसून त्यांनी ही तिन्ही यंत्रे एकमेकांना जोडली, एका लयीत आणली. तबला काढून टाकला. भैरव, ललित, तोडी, मधुवंती, यमन, मालकंस असे दहा राग घेऊन तबकडी तयार झाली आणि एचएमव्हीने ती बाजारात आणली. नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. ती चालली नाही. डिस्कोवाल्यांना त्यात गाणे सापडले नाही. रागदारीच्या श्रोत्यांनी ती हातात तरी घेतली असेल का, शंका आहे.

यातल्या टीबी-303 विषयी थोडे सांगायला हवे. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला साथीला बास मिळावा म्हणून ते काढलेले होते. त्याचा आवाज खऱ्या बासगिटारसारखा येईना, म्हणून वादकांनी नाक मुरडले आणि 1984मध्ये कंपनीने उत्पादन थांबवले. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याची सोय होती. आपल्या कानांना ती मींडेजवळ जाणारी वाटते. पाश्चात्त्य बाजाराला जो दोष वाटला, तो राग वाजवणाऱ्याच्या उपयोगी पडला.

अशीच एक जुनी 303 शिकागोतल्या तीन कृष्णवर्णीय तरुणांच्या हाती लागली. 1987मध्ये ‘फ्यूचर’ या नावाने त्यांनी ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढली. तिची टेप आधी त्यांनी म्युझिक बॉक्स क्लबचा डीजे रॉन हार्डी याला दिली होती. हकीकत अशी सांगतात की, पहिल्यांदा वाजवल्यावर नाचणारे बाजूला झाले. हार्डीने त्याच रात्री ती पुन्हा लावली, मग आणखी एकदा, आणि चौथ्यांदा लावली तेव्हा लोक बेभान झाले. समोरच्या गर्दीचा अंदाज घेऊन, तिची नाराजी पत्करून, तिला नव्या आवाजाकडे नेणे हा डीजेचा हुनर. भिंतीला हे जमत नाही.

2002मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत चरणजीत सिंग यांची जुनी तबकडी मिळाली. 2010मध्ये त्याने ती पुन्हा प्रकाशित केली. युरोपातल्या काही जाणकारांना तर ही कुणीतरी आजच बनवून जुनी म्हणून खपवलेली चीज वाटली. 1982मध्ये मुंबईत असे काही होऊ शकते, यावर विश्वासच बसेना. मग कौतुकाचा पूर आला आणि ‘ॲसिड हाउसचा जन्म मुंबईचा’ असे मथळे झळकले. हे मला पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही, आणि चरणजीत सिंग यांची थोरवी त्यावर अवलंबूनही नाही. उतारवयात त्यांनी युरोपच्या मंचांवर हे राग वाजवले. जुलै 2015मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे नाचाचे संगीत रचणाऱ्याला मान कमीच. सोलापूरचे राम जोशी पुराणिकांच्या घरातले; तमाशाच्या नादापायी त्यांना घर सुटले. सगनभाऊ मुसलमान, धंद्याने शिकलगार. पण दोघांची नावे दोनशे वर्षे टिकली, कारण लावणीच्या शेवटी कवी आपले नाव गुंफतो. गझलेच्या मक्त्यात तखल्लुस येतो तसे. चरणजीत सिंग यांच्या तबकडीत शब्दच नव्हते, नाव गुंफणार कुठे?

आजच्या डीजेने यावर तोड काढलेली आहे. लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ उघडून हलगी, ढोल आणि बास जोडणारे तरुण आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांच्या ट्रॅकमध्ये दर काही मिनिटांनी एक आवाज येतो आणि बनवणाऱ्याचे नाव घोषित करतो. ऐकणाऱ्याला तो रसभंग वाटतो. पण ट्रॅक व्हॉट्सॲपवरून फुकट फिरतो, पाटी नाही, मानधन नाही. तिथे हीच त्याची मुद्रिका. न्यूक्लियाने, म्हणजे उद्यान सागरने, याच रस्त्यावरच्या आवाजांतून 2015मध्ये ‘बास रानी’ केला. तो मोठ्या मंचावर पोहोचला. बाकीचे टेम्पोवरच आहेत.

हे लिहिताना मी भिंतीची वकिली करत नाही. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000च्या नियमांतली आहे आणि मिरवणुकीत ती कुणीच पाळत नाही. सप्टेंबर 2024मध्ये मिलादच्या जुलूसमधल्या डीजेविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली. कुराण-हदीसमध्ये याला आधार नाही, असे याचिकाकर्त्यांचे म्हणणे होते. न्यायालय म्हणाले, गणेशोत्सवात जे घातक, ते ईदमध्येही घातक. याहून सरळ काय सांगायचे? उलेमाही दरवर्षी जुलूसमधल्या डीजेविरुद्ध बजावत असतात, आणि पोरे दरवर्षी ऐकत नाहीत.

मात्र या चर्चेत म्हाताऱ्यांचे हृदय येते, तान्ही मुले येतात, काचा येतात, यायलाच हव्यात. कारखान्यात कामगाराने आठ तासांसाठी 90 डेसिबलपलीकडे राहू नये असा नियम आहे. मिरवणुकीत मिक्सरपाशी त्याहून मोठ्या आवाजात तासन्‌तास उभ्या असलेल्या पोराच्या कानांत बहुधा कापसाचा बोळाही नसतो.